मामांच्या मुळीचा अर्क

जमिनीच्या वर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं ठरवूनच माझ्या बायकोचे मामा जन्माला आले असावेत. फुलं-फळं त्यांच्या लेखी नुसती सजावट. खरं काय ते मुळात. गोव्यातल्या मये गावच्या तळ्यावर आलेले लोक पाण्याचे फोटो काढत, तेव्हा हे पाठमोरे बसून काठीने काहीतरी उकरत असत. आमच्या लग्नात आहेर म्हणून त्यांनी लाल फडक्यात गुंडाळलेली एक मुळी दिली होती. मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत वनस्पतींचे अर्क तपासतो. दिवसभर मुळ्या दळून, भिजवून, गाळून थकून घरी यावं, तर दारात मामा पिशवी घेऊन बसलेले. पिशवीत मुळ्याच.

गुडघेदुखीवर ते एका मुळीचा काढा बाटल्यांत भरून गावात फुकट वाटत, रोज सकाळी स्वतःही घेत. "एकदा तुझ्या यंत्रात घाल आणि कागद दी," म्हणून वर्षभर माझ्या मागे लागले होते. तो कागद त्यांना चौकटीत लावायचा होता. शेवटी कंटाळून, साहेबांना विचारून मी तपासणी केली. काचपट्टीवर अल्कलॉइडचे, म्हणजे औषधी तशाच विषारीही असू शकणाऱ्या द्रव्यांचे, ठिपके गडद उठले. मग विषारीपणा पाहायला अर्क खाऱ्या पाण्यातल्या, सुईच्या टोकाएवढ्या कोळंबीच्या पिल्लांवर घातला. दुसऱ्या दिवशी अगदी पातळ अर्कातलंसुद्धा एकही पिल्लू हलत नव्हतं.

मामा आधी हसले. "कोळंबी मेली म्हणान माणूस मरता?" मी म्हटलं, तसं नाही, पण रक्त तपासून घेऊ. डिचोलीला नेलं. यकृताचा अहवाल बिघडलेला आला आणि डॉक्टरांनी काढा बंद करायला सांगितलं. परतताना घर जवळ आलं तेव्हा मामा म्हणाले, "गाडी फिरव. बाटल्यो परत घेवया."

त्या दुपारी ते लंगडत दारोदार गेले आणि माझं चुकलं, हे पिऊ नका, असं स्वतःच्या तोंडाने सांगत राहिले. एका म्हातारीने बाटली पदराखाली घट्ट धरली. तिला आराम पडत होता. मामांनी वाद घातला नाही, स्वतःचा अहवाल तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिने मामांचा चेहरा पाहिला आणि बाटली पुढे केली.

शेवटच्या घराच्या पायरीवर मामा बसले. "आता माझ्याकडे कोण येतलो रे?"

आता दर रविवारी मीच त्यांच्याकडे मान दाखवायला जातो. प्रयोगशाळेच्या टेबलावर वाकून वाकून ती खरंच धरलेली असते. मामा ती अंगठ्याने बराच वेळ दाबतात, मग हात पुसत म्हणतात, "डॉक्टराक दाखय." मी हो म्हणतो. अजून दाखवलेली नाही.