मूठभर अक्षता

हिंदी मुलखातल्या आमच्या चेरीतालच्या घरी खंडेनवमीला कॉम्प्युटरचीही पूजा होते. बाबा जन्मभर संरक्षण खात्याच्या कारखान्यात लेथवर होते, त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला त्या दिवशी गंध लागतंच. गेल्या वर्षी पक्कड, पाने आणि मिक्सर आटोपून ते कॉम्प्युटरपाशी आले. मॉनिटरला गंध, वर दोन दाणे. माउसला गंध, वर दोन दाणे. मला कॉलेजात कार्यक्रमाला पोचायचं होतं, आणि माझा पारा चढायला निमित्त लागतंच असं नाही. "द्या इकडे," म्हणत मी उरलेल्या अक्षता मुठीने उधळल्या आणि पूजा उरकली.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी कॉम्प्युटर लावला. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. बंद केला, परत लावला. पुन्हा तेच.

"बाबा, तुम्हीच काहीतरी नको ते दाबलं असेल," मी सरळ ठरवून टाकलं.

बाबांनी पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं. त्या कॉम्प्युटरमध्ये त्यांच्या गोष्टी होत्या. दोन हिवाळे दोन बोटांनी टाइप केलेल्या, माझ्या मुलीसाठी. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र हिंदीत येतं. आजोबांच्या गोष्टी वाचल्या की बोलेल, अशी त्यांची आशा. गोष्टींची दुसरी प्रत कुठेच नव्हती. "काढून ठेवते," असं मी त्यांना दहादा सांगितलं होतं आणि काढली एकदाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी गोहलपूरहून दुरुस्तीवाले भैया आले. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं. "सिस्टम उड़ गया, दीदी। फॉर्मेट मारना पड़ेगा। पुराना सब जाएगा।"

बाबांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तरी इलाज काय, म्हणून मी मान डोलावणार, तेवढ्यात बाबा उठले.

"थांब. काहून घाई करून राहिली तू? कारखान्यात मशीन अडलं की आम्ही आधी ते खोलत नव्हतो. जोडलेलं एकेक काढत होतो, अन् दर वेळी चालवून पाहत होतो."

"अंकलजी, उससे कुछ नहीं होगा," भैया म्हणाले.

"अच्छा, तो चाय पी लो तब तक," बाबा म्हणाले आणि चष्मा लावून टेबलाखाली शिरले.

प्रिंटर काढला. चिन्ह जागचं हलेना. स्पीकर काढले, तेच. कॅमेरा काढला, तेच. भैयांचा चहा संपला. मग बाबांनी की-बोर्डची वायर ओढली आणि बटण दाबलं. चिन्ह आलं, गेलं, आणि माझ्या मुलीचा दात पडलेला हसरा फोटो पडद्यावर उमटला. मला रडूच आलं.

भैयांनी की-बोर्ड उलटा करून आपटला. टेबलावर कुंकू लावलेला तांदळाचा दाणा पडला, मग आणखी दोन. एक बटण दाण्यामुळे दाबलेलंच राहिलं होतं, म्हणून कॉम्प्युटर सुरू होतानाच अडत होता.

बाबांनी तो दाणा चिमटीत धरून मला दाखवला. "मी दोन दोनच ठेवतो. तेही वरून टाकत नाही."

चोराच्या उलट्या बोंबा माझ्याच होत्या. त्याच बैठकीत गोष्टींच्या तीन प्रती काढल्या, आणि भैयांनी जाताना बाबांना वाकून नमस्कार केला.

मग रोज संध्याकाळी आजोबा-नात त्या गोष्टी वाचायला बसू लागले. वाचन मराठीत, शंका मात्र हिंदीत. बाबा शंकांची उत्तरं मराठीत देत राहिले.

यंदा खंडेनवमीला बाबा ताम्हण घेऊन टेबलापाशी आले, तशी मुलगी धावत गेली. तिने की-बोर्ड उचलून छातीशी धरला.

"आजोबा, आईच्या हातात अक्षता नका देऊ. आपल्या गोष्टी अटकून जातील."

बाबा ताम्हण धरून तसेच उभे राहिले. गंध लावायचं राहूनच गेलं.

"पुन्हा एकदा म्हण," ते म्हणाले.