लाल ठिपका आणि माझी कॉफी

कुरखेड्याच्या बसस्टँडवर नागपूरची गाडी लागली. बाबांनी बॅग वर चढवली आणि आईने खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं. शेजारच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून ती अगदी हळू बोलली, "तिथी कोनी चहा देला त आधी कप पाह्यजो. सगळ्याइचा अन् तुहा एकच हाये का, ते पाह्यजो." बाबा ऐकत होते, हसले नाहीत. त्यांच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेर खिळ्याला टांगलेले असत. पिऊन आपणच धुवायचे. बाबांनी हे मला एकदाच सांगितलं. आईने मात्र तो खिळा कधी विसरू दिला नाही.

नागपूरहून पुढे बंगळुरूला जाऊन मी एका लॅबमध्ये नोकरीला लागले आणि लीलाम्मांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. लीलाम्मा सत्तरीच्या, एकट्या. पहिल्याच दिवशी मोडक्या हिंदीत त्यांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग घरी कोणता देव पुजता ते. मी म्हटलं, आम्ही बौद्ध. "अच्छा," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या सकाळपासून स्टीलच्या पेल्यात फिल्टर कॉफी घेऊन जिना चढू लागल्या.

कॉफी फार छान असायची. म्हणूनच मला संशय यायचा, अनोळखी भाडेकरूची एवढी सरबराई कशाला? चौथ्या दिवशी पेल्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिसला. मग मी रोज बघू लागले. रोज तोच पेला. घासलेली भांडी त्या मागच्या ओट्यावर पालथी घालत. तिथे दुसऱ्या कशावरच ठिपका नव्हता. आठ दिवस पाळत ठेवून मी सांगून टाकलं की कॉफीने मला ॲसिडिटी होते.

पण सवय लागली होती. म्हणून मोका पॉट आणला, गॅसवरची ती लहान इटालियन किटली. खालच्या भांड्यात वाफेच्या व्हॉल्व्हपर्यंत पाणी, मधल्या जाळीत पूड, वरचं भांडं घट्ट फिरवून बसवायचं. पहिल्या दिवशी मी पूड दाबून भरली आणि गॅस मोठा ठेवला. ती अशी फुसफुसली की मी दारात जाऊन उभी राहिले. कॉफी करपली. पुढे जमलं. पूड सैल भरायची, आच मंद ठेवायची, झाकण उघडं. काळी दाट धार वर येऊन फिकी पडू लागली की लगेच उतरवायची.

वास खाली गेलाच. एका सकाळी लीलाम्मा रिकाम्या हाताने दारात आल्या.

"तुला तर कॉफी चालत नव्हती ना?"

मी पकडले गेले होते. म्हणून मीही विचारलं, "आंटी, त्या पेल्यावर लाल ठिपका कशाला आहे?"

"तो भाडेकऱ्यांचा पेला आहे."

"आधीच्या मुलीलाही त्यातच द्यायचात?"

"तिलाही."

माझा विश्वास बसला नाही. मी दोन सारख्या कपांत कॉफी ओतली आणि एक पुढे केला. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. उभ्यानेच प्यायल्या, "पूड जास्त झाली," म्हणाल्या आणि खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉफी घेऊन आल्या. पेला वेगळा होता. ठिपका नव्हता.

ठिपका खरंच भाडेकऱ्यांचा होता, की त्या शरमल्या? पाच वर्षं झाली, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांची कॉफी घेते, पण बुडाकडे बघूनच घेते. आपल्या गावांतून तुमच्यापैकी जे पुण्याला, हैदराबादला गेले, तेही असंच कुठेतरी बघत असतील.

यंदा धानकापणीला गावी गेले तेव्हा मोका पॉट सोबत नेला. आई म्हणाली, "हे का वं, कुकरचं पिल्लू?" फुसफुस ऐकून ती चार पावलं मागे सरली. शेजारच्या सखूबाई बसल्या होत्या. त्यांनी कप नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"दारूवानी वास येऊन राह्यला. शयरात हेच पेतं का वं तू?"

असं विचारताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आईकडे बघत होत्या. आधी माझं फोनवर बोलणं, माझं लग्न न होणं, आणि आता हे. जिथे मी कधी कोणावर संशय घेतला नव्हता, त्याच अंगणात आता माझ्यावर पाळत होती.

आईने सखूबाईंचा कप उचलला. आयुष्यभर दुधाचा, साखरेने चिकट झालेला चहा पिणाऱ्या माझ्या आईने ती कडू कॉफी एका दमात संपवली.

"चांगली हाये," ती सखूबाईंना म्हणाली. "मले आवडली. अजून देजो वं."

ते साफ खोटं होतं. तिचे डोळे पाण्याने भरले होते. घर कुठे, असं मला कोणी विचारलं तर मी गोंधळते. पण त्या क्षणी, कितीतरी दिवसांनी, मला काहीच तपासून पाहावंसं वाटलं नाही. मी चुलीवर दूध ठेवलं आणि तिच्या दुसऱ्या कपात साखर सढळ हाताने घातली.