आज शिव्या दिल्या का?

"माय, आज शिव्या दिल्या का त्याने?"

पॅकहाऊसमधून ऑफिसात आले की आबांचा पहिला प्रश्न हाच. हातात केळीच्या फण्या कापायची सुरी, सदऱ्यावर चिकाचे काळे डाग. 'त्याने' म्हणजे आमच्या इराणमधल्या गिऱ्हाइकाने. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून ऑफिसातले परदेशी फोन माझ्याकडे. तो केळ्यांबद्दल दोन वाक्यं बोले आणि स्वतःच्या सरकारला दहा शिव्या घाली.

मी "दिल्या" म्हटलं की आबा खूश. "चांगलं शे. माणूस जागा शे."

आबाही तसेच. गावच्या सरपंचाला तोंडावर बोलणारे ते एकटे. तुमच्याही गावात असा एक जण असेल. एरवी त्याला सगळे हसतात, ग्रामसभेत मात्र त्याच्याच तोंडाकडे बघतात. या वेळी गाव खरंच त्यांच्या बाजूला झुकलं होतं. आबांनी सरपंचपदाचा अर्ज भरला.

त्याच सुमारास इराणवरचे निर्बंध कडक झाले. बँक कागद घेईना, कंटेनर थांबले. गिऱ्हाइकाचा फोन आला. घरच्यांना औषधं मिळत नाहीत, म्हणाला. मी भीत भीत सरकारचं विचारलं, तर तुटक उत्तर आलं, "ते आमचं आम्ही बघू."

"शिव्या नाहीत?" आबा स्टुलावर बसले. "मग झालं. आता ते सरकार पडत नाही."

मला ते तेव्हा पटलं नाही. पटवलं आमच्या मालकांनी, शेठजींनी. सरपंच आमच्या गाड्या अडवायचा. त्याला पाडायचं म्हणून शेठजींनी आबांच्या गावची केळी घेणं बंद केलं, इतर व्यापाऱ्यांनाही बंद करायला लावलं.

"आबा, तुमच्यासाठीच करतोय. गाव आपणहून त्याला हाकलेल."

"शेठजी, माझं भलं करू नका. ज्याचा माल झाडावर पिवळा पडतोय, तो सरपंचाला नाही, तुम्हाला शिव्या देईल."

शेठजी हसले.

आठवड्याभरात गाव सरपंचाच्या ओट्यावर बसू लागलं. पिकलेली केळी भरून ट्रॅक्टर जळगावला निघाले. पहिला सरपंचाचा, दुसरा आबांचा. आमच्या ऑफिससमोर उभे राहून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला केळी फुकट वाटली. मलाही एक फणी मिळाली.

दुसऱ्या दिवशी आबा आले ते अर्ज मागे घेऊनच. मी विचारलं, "पण आबा, तो माणूस वाईटच आहे ना?"

"वाईटच शे. पण त्याला पाडायचा तर गावाने. बाहेरच्याच्या हाताने नाही."

त्यांनी सुरी धुतली, कागदात गुंडाळली.

"बसा तरी," शेठजी म्हणाले.

"बंदी गावावर शे ना? मग मी बी गावातलाच."

सरपंच बिनविरोध निवडून आला, पहिल्यांदाच. शेठजी अजून म्हणतात, थोडं आणखी ताणायला हवं होतं.

परवा इराणहून फोन आला. केळ्यांबद्दल दोन वाक्यं, बाकी काही नाही. मी फोन ठेवला.

"शिव्या नाहीत, आबा," मी रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाले.

शेठजींनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणालीस?"

मी पुन्हा म्हणाले. जरा मोठ्याने.