पोचलीस? मग आता केर काढते

मी बडोदं सोडलं त्या दुपारी आमच्या सुभानपुऱ्याच्या घरात केर तसाच पडून होता. हॉलभर सुतळीचे तुकडे, बॅगांवरच्या चिकटपट्टीचे कपटे आणि निरोपाला आलेल्यांच्या ताटल्यांतून सांडलेली शेव. आईने माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि दटावलं, "जाते म्हणू नको, येते म्हण." मी येते म्हटलं. तेवढ्यात कामाला येणाऱ्या शांताबेनने झाडू उचलला आणि आई तिच्यावर जवळजवळ ओरडलीच, "हमणां नहीं, बेन! नीलूने पहेलां पहोंचवा दे."

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्यामागे लगेच केर काढायचा नाही, हा आमच्याकडचा जुना नियम. बाबा रिफायनरीतून फिरतीवर निघाले तरी ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत घर अस्वच्छ. आई तिच्या पाणीगेटच्या माहेराहून हा नियम घेऊन आली होती. "मागे झाडू फिरवला की माणसाला घालवून दिल्यासारखं होतं," असं ती म्हणायची. एरवी दिवसातून दोनदा केर आणि एकदा पोतं. पुण्याकडची माणसं फरशी पुसतात, आम्ही बडोदेकर पोतं मारतो. धूळ दिसली की जिला जेवण जात नसे, अशी ही बाई.

इंग्लंडमधल्या लेस्टरला पोचून फोन केला तेव्हा पलीकडून आई म्हणाली, "पोचलीस? मग आता केर काढते." विमानतळावर मी रडले नव्हते. ह्या वाक्यावर रडले, तेही एका अनोळखी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून. त्या पायरीवर गालिचा होता. पायांना तो ओलसर आणि परका लागला, आणि खरं सांगायचं तर अजून लागतो.

तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही इकडे ऐटीत आहोत. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना माहीत आहे काय आहे ते. मी बडोद्याच्या युनिव्हर्सिटीतून केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि इकडे येऊन एका मोठ्या दुकानात झाडूपोछ्याचं सामान विकायला लागले. कुत्र्याचे केस ओढून घेणारा व्हॅक्यूम कोणता, लाकडी फरशीला कोणता मॉप चालतो, जिन्यावरच्या गालिच्याला पितळी दांडे बरे की काळे लोखंडी, हे लोक मला विचारतात आणि मी हसून सांगते. आई मात्र सुभानपुऱ्यात सगळ्यांना सांगायची की नीलू इंटिरियरच्या कंपनीत आहे. मी ते कधी खोडून काढलं नाही. शेजारच्या कोकिलाबेनला वाटत होतं मी राजवाडे सजवते.

इथे आमचं घर झालं, नवरा, कर्ज, मागच्या अंगणात न उगवणारी मेथी. नवरा इथेच वाढलेला, स्वभावाने चांगला. पण मी बडोद्याला यायला निघाले, की टॅक्सीचं दार लागतं न लागतं तोच घरातून व्हॅक्यूमचा आवाज येतो. एकदा मी त्याला आमचा नियम सांगितला. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, छान रिवाज आहे. पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्याचं काय चुकलं? त्याला घर स्वच्छ हवं असतं. मलाच उगाच वाटतं की माझी पावलं पुसून टाकली.

बाबा गेले आणि सुभानपुऱ्याच्या घरात आई एकटी राहिली. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर निजायची खोली, देवघर आणि गच्ची. दोन्हींच्या मधे कोटा दगडाचा जिना, आरशासारखा गुळगुळीत, कारण आई तो रोज बादलीभर पाण्याने धुवायची. एक दिवस त्याच ओल्या जिन्यावर तिचा पाय घसरला. मोडलं काही नाही, पण दादाला निमित्त मिळालं. तो फतेगंजला लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहतो. त्याचा फोन आला, "हा जिना आईला एक दिवस घेऊन जाणार. घर काढून टाकू, ती माझ्याकडे राहील." आई फोनवर माझ्याशी वेगळंच बोलली. "माझे वरती देव आहेत, गच्चीत तुळस आहे. इथून मला हलवू नका ग."

दादाला बोलायला सोपं होतं, पण चूक तोही नव्हता. रोज संध्याकाळी स्कूटर काढून आईकडे तोच जायचा, मी नाही. तरीही मी इरेला पेटले. जिना घसरतो ना? मग जिना घसरू द्यायचा नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या जिन्यांसाठी सामान निवडत होते, एकदा आपल्याही जिन्यासाठी निवडू. गालिचा, तो दाबून धरायला पितळी दांडे, त्यांच्या टोकांच्या पकडी, गालिच्याखाली घालायचा जाड रबरी थर, सगळं पारखून घेतलं आणि बॅगेत भरून आणलं. अहमदाबादला कस्टमवाल्याने दांडे बाहेर काढून विचारलं, "ये परदे के हैं?" मी म्हटलं, जिन्याचे. तो हसला.

आमच्या गावात जिन्यावर गालिचा घालणारा कोण मिळणार? लेस्टरचे जिने लाकडी, त्यावर खिळ्यांच्या पट्ट्या ठोकल्या की गालिचा बसतो. आमचा जिना दगडाचा. शेवटी दादानेच ड्रिल आणलं. पायरी जिथे वरच्या पायरीच्या उभ्या दगडाला मिळते, त्या कोपऱ्यात दोन बाजूंना भोकं पाडायची, पकडी स्क्रूने आवळायच्या, आणि गालिचा ताणून वरून आडवा दांडा अडकवायचा. दगडाची पांढरी भुकटी घरभर उडाली. आई खाली पदर नाकाला लावून उभी होती आणि प्रत्येक भोकाला म्हणत होती, "अरे, बाबांनी केवढ्या हौसेने बसवला होता रे हा दगड." दादा घामाघूम झाला पण थांबला नाही. त्या दिवसाइतके आम्ही दोघं बहीणभाऊ कधी जवळ नव्हतो, हेही लिहून ठेवते.

संध्याकाळी जिना तयार झाला. गडद तांबडा गालिचा, प्रत्येक पायरीच्या पोटाशी चमकणारा पितळी दांडा. आईने चप्पल काढली, पाय धुतले, पुसले आणि मग पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. देवळात चढतात तशी ती चढली. वर पोचून म्हणाली, "मऊ आहे ग." मला तेवढं पुरलं. गालिच्यासाठी मी एक हलका व्हॅक्यूमही घेऊन दिला, खांद्याला अडकवून पायरी पायरी साफ करता येईल असा. तिने तो दोनचारदा माझ्यासमोर चालवून दाखवला. मी निघाले तेव्हा जिन्याखाली अजून दगडाची भुकटी होती, आणि ती तशीच राहू दे असं आईने शांताबेनला बजावलं. लेस्टरहून फोन केला. "पोचलीस? मग आता केर काढते."

पुढची फेरी व्हायला वेळ लागला. मधे मी दर रविवारी विचारायची, जिना कसा आहे? "एकदम नवा!" आई सांगायची. कोकिलाबेनने माझ्या फोनवर ओरडून कौतुक केलं, "तारी मम्मी तो बद्धाने बतावे छे, हों! तारी कार्पेट!" आई म्हणे सगळ्यांना दाखवते. दादाला मी मुद्दाम सांगितलं, बघ, नुसत्या जिन्यावरून घर विकायला निघाला होतास.

मग मी आले. दार उघडल्याबरोबर पहिल्यांदा जिन्याकडेच बघितलं. तांबडा गालिचा दिसेना. त्यावर खालपासून वरपर्यंत जुन्या चादरी पसरलेल्या, दांड्यांमधे नीट खोचून बसवलेल्या. आणि हॉलच्या कोपऱ्यात आईची खाट. शोकेसच्या खालच्या कप्प्यात देव. तुळस पुढच्या ओट्यावर, तिथे तिला धड ऊन नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"मळेल ग," आई म्हणाली. "एवढा इंग्लंडचा गालिचा. रोज दहादा तुडवायचा म्हणजे काय राहील त्याचं? मी आपली खालीच निजते. वर काय, शांता आठवड्याने जाऊन येते. तीही अनवाणी."

मी चादरी ओढून काढल्या. खालचा गालिचा नवा कोरा होता. मी ओरडले, खूप ओरडले. हा तुझ्या पायांसाठी आहे, बघायला नाही, असं सगळं बोलले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाण्याने धुता येत नाही ना तो. दगड असता तर धुतला असता, मळला तरी चाललं असतं." मग हळूच, मला समजावत असल्यासारखं, "तू एवढं आणलंस, मी कसं खराब करू?"

आमच्या घरात सोफ्याला कव्हर, कव्हरवर टर्किश टॉवेल. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी. चांगली कपबशी पाहुण्यांना, फुटकी आपल्याला. परदेशातून आलेल्या वस्तूवर पाय ठेवायचा नसतो, हे ह्या घरात मी शिकले होते आणि इतक्या वर्षांत विसरून गेले होते. लेस्टरला गालिचा ही पायाखालची वस्तू आहे. इथे ती मुलीने आणलेली वस्तू होती. आई वर जावी म्हणून मी तो घातला, आणि तो मळू नये म्हणून तिने वर जाणंच सोडलं.

दादा त्या संध्याकाळी आला. तो कुत्सित बोलला असता तर मला भांडता आलं असतं. तो नुसता खाटेवर बसला आणि म्हणाला, "नीलू, आई वर जातच नाही. मग हे घर कशासाठी ठेवायचं?" मी आईकडे पाहिलं. तिने नाही म्हणावं म्हणून वाट पाहिली. ती पदराने शोकेसची काच पुसत होती. "तुम्ही दोघं ठरवाल ते," ती म्हणाली. गच्ची आणि तुळस ह्यांचं नावही तिने घेतलं नाही.

घर विकलं गेलं. घेणाऱ्या बाईंना जिना फार आवडला. "कार्पेट तो रहेवा देजो," असं त्यांनी आवर्जून सांगितलं. त्या चपला घालून वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. आई दारात उभी राहून त्यांच्या पायांकडे बघत होती. मला त्या बाईंचा राग आला, आणि मग लक्षात आलं की गालिचा वापरायचा कसा हे त्या एकट्यांनाच कळलं होतं.

फतेगंजच्या फ्लॅटला पायरी नाही. लिफ्ट आहे, गुळगुळीत टाइल्स आहेत आणि आईच्या वाट्याला खिडकीची खोली. वहिनी तिला काही कमी पडू देत नाही. केर मात्र आईला काढू देत नाहीत, गुडघे दुखतात म्हणून. ती कोपऱ्यांकडे बघत बसते. मग मी पुन्हा तेच केलं जे मला येतं. बडोद्याच्या दुकानात जाऊन आपणहून फिरून केर काढणारं एक गोल यंत्र निवडलं. खाटेखाली जाईल एवढं बुटकं, केस अडकत नाहीत असं, पोतंही मारणारं. वहिनीने फोनमधून त्याची वेळ लावून दिली, दुपारची जेवणं उरकल्यावरची. आई त्याच्याशी बोलायची, "तिकडे राहिलं रे, मागे बघ." मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट जमली.

निघायच्या दिवशी अहमदाबादची टॅक्सी दुपारी आली. आईने तळहातावर दही ठेवलं. मी येते म्हटलं. दादाने बॅगा लिफ्टशी नेल्या. मी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं, आणि मागे एक छोटीशी धून वाजली. यंत्राची वेळ झाली होती. ते कोपऱ्यातून निघालं, हॉलमधून सरळ दाराकडे आलं आणि मी जिथे उभी होते ती जागा झाडायला लागलं.

"अरे, थांबवा त्याला!" आई ओरडली. "पोर अजून खाली उतरली नाही!"

वहिनी हसत म्हणाली, आई, फोन चार्जिंगला लावलाय, आणते. आई थांबली नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी ती वाकली आणि ते यंत्र तिने दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. चाकं लोंबकळली. यंत्राच्या आतली बाई इंग्रजीत सांगत राहिली की मला सपाट जागेवर ठेवा. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ती तशीच दारात उभी होती.

लेस्टरला पोचून फोन केला. दादाने उचलला आणि वैतागून म्हणाला, "दोन दिवस ते यंत्र घेऊन बसलीये खाटेवर. कुणाला हात लावू देत नाही." मग आईचा आवाज आला. "पोचलीस? मग आता सोडते ह्याला."

घर कुठे, असं तुम्ही विचारता, मागे राहिलेलेही आणि निघून आलेलेही. सुभानपुऱ्याच्या जिन्यावर आता दुसऱ्यांच्या चपला आहेत. लेस्टरचं घर टॅक्सी वळायच्या आत स्वच्छ होतं. माझ्यामागे जिथे केर थांबतो ते माझं घर, आणि ते आता एका म्हाताऱ्या बाईच्या दोन हातांवर आहे. एक दिवस ती जाईल. तेव्हा घर लगेच झाडतील, धुतील, तोही रिवाजच आहे. मी धावत येईन, दिवस करीन आणि परत निघेन. दुपारी ती धून वाजेल, ते यंत्र कोपऱ्यातून निघून दारापर्यंत येईल, आणि त्याला कुणी उचलणार नाही.