चिप्सच्या तेलावरची गाडी

तिच्या गाडीमागून चालणाऱ्या माणसाला हमखास भूक लागायची. धुराला तळलेल्या बटाट्याचा वास, म्हणून अख्खी वस्ती तिला 'चिप्सबाई' म्हणायची. नवरा गेल्यावर त्याची जुनी डिझेल गाडी तिने विकली नाही. त्याच गाडीतून ती डायलिसिसच्या रोग्यांना दवाखान्यात ने-आण करू लागली. त्यांना बटाटा वर्ज्य. मागच्या सीटवरून म्हातारे शिंपीकाका कुरकुरायचे, "बाई, आम्हाला पथ्य आणि वर हा वास! छळ आहे नुसता."

तेल यायचं धाकट्या दिराच्या चिप्सच्या कारखान्यातून. कल्पनाही त्याचीच. डिझेल परवडेना, तेव्हा तोच म्हणाला होता, "वहिनी, वापरलेलं तेल मी टाकूनच देतो. दादाची गाडी त्याच्यावर पळवू." दोघांनी मिळून डिकीत दुसरी टाकी बसवली. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापलं की तेलावर न्यायची, थांबण्याआधी पुन्हा डिझेलवर. तेल आधी पिंपात ठेवायचं, गाळ खाली बसला की कापडातून गाळायचं आणि थेंबभर तापल्या तव्यावर टाकून बघायचं. तडतडलं तर त्यात पाणी आहे, ते बाद. पाण्याने पंप गंजतो.

पुढे तिचं मनगट आखडलं, पिंपं हलवेनात. दीर म्हणाला, "मीच गाळून, तपासून पाठवतो. सरळ टाकीत ओता. विश्वास आहे ना माझ्यावर?"

"हे काय विचारणं झालं, भाऊजी?" ती हसली होती.

मग एका सकाळी भर पुलावर गाडीने गचके खाल्ले आणि बंद पडली. मागे शिंपीकाका एकटेच. दुसरी गाडी मिळेपर्यंत त्यांची डायलिसिसची पाळी हुकली, रात्रीतून धाप लागली, भरती करावं लागलं. मेकॅनिकने पंप उघडला तर आत तांबूस गंज. "बाई, तेल ओतता का पाणी?"

टाकीचं झाकण आपणच नीट लावलं नसणार, असं ती धरून चालली. काकांच्या खाटेशी उभी राहून तिने हात जोडले. दीर घरी आला, शेजारी बसला. "चूक होते, वहिनी. वय झालं, लक्ष राहत नाही. मनाला लावून घेऊ नका." त्या शब्दांनी तिला केवढा आधार वाटला.

पंप बदलून गाडी आली. मागच्या खोलीत तेलाचा एक डबा उरला होता. धसका घेतलेला, म्हणून तिने तवा तापवला. तेल असं तडतडलं की शिंतोडे हातावर उडाले. तरी तिला वाटलं, कामगाराचा हलगर्जीपणा असेल. दिराला सावध करायला ती कारखान्यात गेली.

फाटकाशी साबणवाल्याचा टेम्पो उभा होता. त्यात स्वच्छ, सोनेरी तेलाचे डबे चढत होते. मागे कढया धुण्याच्या जागी एक कामगार तळाशी उरलेलं पाणचट तेल तिच्या डब्यांत भरत होता. दीर बाहेर आला आणि तिला बघून जागीच थबकला.

"भाऊजी, हे काय?"

"साबणवाला सगळं तेल पैसे देऊन उचलतो आता. पण तुम्हाला नाही कसं म्हणणार? जीभ रेटेना माझी."

"नाही म्हणाला असतात तर डिझेल घातलं असतं मी. काका जाता जाता वाचले. गाडी बंद पडली तेव्हा कळलं होतं तुम्हाला, कशाने पडली ते?"

तो खाली बघत राहिला. "कळलं होतं."

 तिने आपले डबे तिथेच जमिनीवर रिकामे केले, उचलले आणि ती निघाली.

त्यानंतर गाडी डिझेलवरच चालली. खर्चाची ओढाताण झाली, तिने संध्याकाळचेही रोगी घेतले. शिंपीकाका बरे होऊन परतले. झालेलं सगळं तिने त्यांना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माफी मागायला मात्र तुम्ही आला होतात."

दीर दोनदा दारापर्यंत येऊन गेला. शेवटी जाऊ आली. "ताई, तेलापायी एवढं तोडायचं का हो?"

"तेलाचं काय घेऊन बसलीस? नड असते माणसाला. पण माझ्या शेजारी बसून 'चूक होते वहिनी' म्हणाला ना गं तो. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते."

 अंधारून आलं होतं, म्हणून तिने जावेला गाडीत बसवलं आणि दिराच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं. आत वळली नाही.