मागून मारलेली हाक

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. वांगी घेताना एकेक उलटून देठाजवळचं भोक शोधते. लातूरला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरी भाड्यानं राहतात. प्रत्येकीचं आधार कार्ड, आईबापाचे फोन, गावच्या ओळखीच्या माणसाचा पत्ता आणि पोलीस ठाण्यात द्यायचा भाडेकरूचा कागद, एवढं झाल्याशिवाय मी किल्ली हातात ठेवत नाही. नवरा म्हणतो, ‘तू चुकून संसारात आलीस, तुझी जागा ठाण्यात व्हती.’ म्हणू दे.

तर अशा माझ्या घरात माझ्या धाकट्या बहिणीसाठी नांदेडचं स्थळ आलं. बहीण इथल्याच एका दवाखान्यात नर्स. नवरा अपघातात गेला तेव्हापासून ती माझ्याकडे राहायची. मूलबाळ नाही. तिचं पुन्हा घर व्हावं असं मला मनापासून वाटत होतं आणि तिलाही वाटत होतं. ती बोलून दाखवायची नाही, पण कुणाच्या लग्नाला निघाली की आरशासमोर उगाच रेंगाळायची. स्थळ आमच्या मामांनी आणलं. मुलगा (चाळिशीतला माणूसही स्थळ म्हणून आला की मुलगाच असतो) नांदेडला फरशीचं दुकान चालवणारा, पहिलीशी फारकत झालेला.

‘फारकत कशामुळं झाली?’ मी मामांना विचारलं.

‘पटलं न्हाई.’

‘म्हणजे काय?’

‘म्हंजे पटलं न्हाई. तू बी ना!’

आमच्याकडे या दोन शब्दांच्या पुढे कुणी विचारत नाही. विचारलं तर विचारणाराच वाईट दिसतो.

पाहायला आले ते मुलगा आणि त्याची आई. मुलगा हळू बोलणारा, हसरा. चहा झाल्यावर स्वतःची कपबशी उचलून आत घेऊन गेला. घरचे सगळे तिथंच विरघळले. पाहुणा म्हणून आलेला पुरुष कपबशी उचलतो हे मी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून मला वाटलं, ह्याला कुणीतरी पढवून पाठवलंय.

आईचं मात्र सगळं उघड होतं. तिनं बहिणीला पेपर वाचायला लावला, दारापर्यंत चालून ये म्हणाली, हात हातात घेऊन नखं पाहिली. नोकरी करणाऱ्या, एक संसार बघितलेल्या बाईला हे सगळं! माझं डोकं तडकलं होतं, पण मामांनी डोळ्यानं दटावलं. मग बहीण आत ओट्याशी पुन्हा चहा ठेवत होती तेव्हा म्हातारी पाय न वाजवता तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, ‘ए पोरी.’ बहिणीनं दचकून मागे पाहिलं. म्हातारी खूश होऊन बाहेर आली.

‘चालण्या-बोलण्याचं सोंग आणता येतंय, कानाचं येत न्हाई,’ ती आम्हाला सांगू लागली. ‘आमच्यात पोरगी अशीच पारखत्यात. थोरल्या सुनंला अशीच हाक मारली, ह्याच्या पैलीलाबी अशीच.’

सगळे हसले. मीही हसले, न हसून काय करते. पण रात्रीचं जेवण करताना मनात एकच घोळत होतं. त्यांनी आमची पोर नखांपासून कानांपर्यंत तपासली आणि आम्हाला त्यांच्या मुलाबद्दल काय माहीत होतं? कपबशी उचलतो.

दुसऱ्या आठवड्यात मी नात्यातल्या एका आजारी बाईला भेटायला जाते म्हणून घरात सांगितलं आणि नांदेडची एसटी पकडली. त्याच्या दुकानाच्या गल्लीत पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याला विचारलं, तर त्यानं हात जोडल्यासारखे केले. ‘लई सज्जन माणूस. सुपारीचं खांड खात न्हाई.’

शेजारी एका जुन्या मुसलमान टेलरांचं दुकान होतं. तेही तेच म्हणाले, ‘आदमी भला हाय बाई, सुपारी बी खाताना देखा न्हाई.’

चौकशीला आमच्याकडे उत्तर ठरलेलं असतं ते असं, सुपारीच्या खांडाचं. दारू, तंबाखू, पत्ते, सगळ्याचा त्यात निकाल लागतो. मी पुढचं विचारलं, ‘घरात हात उचलतो का?’ टेलरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोंडात धरल्या. गिरणीवाल्याकडे परत जाऊन त्यालाही तोच प्रश्न केला. त्यानं डबा नसताना गिरणी चालू केली.

त्या माणसांना मी दोष देत नाही. ठरत आलेलं लग्न कुणी वाईट बोलून मोडलं की आमच्याकडे म्हणतात, त्यानं भांजी मारली. एकदा का भांजी मारणारा म्हणून नाव झालं की त्याच्या स्वतःच्या पोरींना स्थळं येत नाहीत. खोटं सांगून भांजी मारली काय आणि खरं सांगून मारली काय, शब्द एकच आहे. त्यामुळे ज्याला खरं ठाऊक असतं तोच सगळ्यात गोड बोलतो. मला त्या गल्लीत प्रत्येक गोड शब्दाची भीती वाटू लागली.

परत येताना वाटलं, सरकारनं याची एक खिडकी का ठेवू नये? माझ्या वरच्या खोलीत वर्षभर राहणाऱ्या पोरीचा कागद ठाण्यात जातो, आणि ज्याच्याशी जन्माची गाठ बांधायची त्या माणसानं आधी कुणाची हाडं मोडलीत का, हे विचारायला दार नाही. पण मी संशयी असल्यामुळे त्या खिडकीचाही मला संशय आलाच. तिथं बसणारा माणूस कुणाचा तरी मामाच असणार. शिवाय याच खिडकीवर उद्या लोक बायकांची पोथी काढायला रांग लावतील. आणि जिथं तक्रारच झाली नाही, चार माणसांच्या बैठकीत सगळं मिटवलं, तिथं त्या खिडकीतून कोरा कागदच बाहेर येईल. तरीही ती असावी असं मला वाटतं. निदान विचारणाऱ्या बाईला कुणी आगाऊ म्हणणार नाही.

गिरणीवाल्याच्या बोलण्यातून एवढं कळलं होतं की पहिलीचं माहेर लोह्याचं आणि ती आता तिथंच शिवणकाम करते. नांदेडहून लातूरला येताना लोहा वाटेतच लागतं. मी उतरले. बायकांचे कपडे शिवते म्हटल्यावर घर लगेच सापडलं.

ती पुढच्या खोलीत मशीनवर बसली होती. बारीक अंगाची, माझ्या बहिणीच्याच वयाची. मी कोण, कशाला आले, ते सरळ सांगितलं. ती उठली, माझ्यासाठी ठेवलेलं स्टूल उचलून आपल्या उजव्या बाजूला आणून ठेवलं आणि म्हणाली, ‘जरा मोठ्यानं बोला ताई, मशीनचा आवाज असतोय.’ मशीन बंद होतं.

‘माणूस चांगला हाय,’ ती म्हणाली. ‘आमचं पटलं न्हाई.’

‘मी कुणाला काही सांगणार नाही,’ मी म्हणाले.

‘सगळेच तसं म्हणत्यात.’ ती हसली. ‘बैठकीत ठरलंय, एकमेकांबद्दल ब्र काढायचा न्हाई. माझ्या भावाचं लगीन ऱ्हायलंय. मी आज बोलले की उद्या लोक म्हणणार, हिनं भांजी मारली. मग आमच्या दारात कोण येणार, सांगा.’

तिनं चहा केला, मला कुंकू लावलं. मी पायरी उतरले तेव्हा मागून म्हणाली, ‘ताई, तुमच्या बहिणीला दोन्ही कानांनी ऐकू येतंय ना?’

‘हो,’ मी म्हणाले.

‘मग जपा,’ असं म्हणून ती आत गेली.

एसटीत बसल्यावर तिनं उजव्या बाजूला आणून ठेवलेलं स्टूल आठवलं. मला कळलं होतं. पण अहमदपूर येईपर्यंत माझा संशय उलटून माझ्याच अंगावर आला. तिचा कान जन्मापासूनच कमी असेल तर? त्यामुळेच सोडली असेल आणि ती मला एवढंच सांगत असेल की या लोकांना कमी ऐकणारी सून चालत नाही? एका प्रश्नावर मी माझ्या बहिणीचं घर मोडायला निघाले होते का? घरी जाऊन मी सगळं तिच्या कानावर घातलं, ही शंकासुद्धा.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘अक्का, थोबाडीत बसली की कानाचा पडदा फाटतो. आमच्याकडे येतात तशा बायका. विचारलं की सगळ्या नळावर घसरून पडलेल्या असतात.’

‘मग नकार कळवू?’

‘काय म्हणून कळवशील? त्या बाईचं नाव घेशील? आणि खरंच तसं नसलं तर, अक्का? मला तो माणूस आवडलाय गं.’ ती रडायला लागली. तिला रडताना मी किती तरी दिवसांनी पाहिलं, आणि त्या दिवशी मला माझ्या स्वभावाचा खरंच राग आला.

सुपारी फोडायचा दिवस ठरलेला होता, तो तसाच राहिला. नांदेडहून मुलगा आणि त्याची आई आली, आमच्याकडून मामा आणि आम्ही. मध्ये ताट, त्यात सुपाऱ्या, हळकुंडं, खोबऱ्याच्या वाट्या. सुपारी फुटली की शब्द गेला, मग मागे फिरणं नाही. मामांनी अडकित्ता हातात घेतला तेव्हा बहीण म्हणाली, ‘मामा, थोडं थांबा. मला एक विचारायचंय.’

मुलीनं बोलायची ही वेळ नव्हती. मामांचा हात तसाच राहिला.

‘पहिल्या बाईंचं आणि तुमचं काय पटलं नाही?’ तिनं मुलाला विचारलं.

तो हसला. त्याला या प्रश्नाची तयारी होती हे मला दिसलं. ‘तुमच्यापासून काय लपवायचं,’ तो मवाळपणे म्हणाला. ‘तिला डाव्या कानानं ऐकू यायचं न्हाई. लहानपणापासूनच. माहेरच्यांनी झाकून लगीन लावलं.’

‘फसवलं आमाला,’ म्हातारी म्हणाली. ‘बहिरी पोरगी गळ्यात मारली.’

मामांनी माझ्याकडे पाहिलं, झालं का आता समाधान, अशा नजरेनं. माझी मान खाली गेली. एवढं उघड सांगतात म्हटल्यावर खरंच असणार, असं मलासुद्धा वाटलं. मला!

बहीण म्हातारीकडे वळली. तिचा आवाज अगदी साधा होता, दवाखान्यात पेशंटला विचारतात तसा.

‘मावशी, पण तुम्ही तर मागून हाक मारून बघता ना? तिलाही मारली होती म्हणालात. तेव्हा तिनं वळून बघितलं नाही का?’

म्हातारीला तिच्या पारखीवरचा संशय सहन झाला नाही. ‘वळली न्हाई म्हंजे? मी डाव्या अंगानंच जाऊन मारली व्हती हाक, एकदम हळू. लगीच वळली की! माझी पारख कंदी चुकत न्हाई.’

‘आई,’ तो म्हणाला.

आवाज जराही चढला नव्हता. पण म्हातारीनं तोंड मिटलं, पदर ओढून घेतला आणि बसल्या जागी त्याच्यापासून हातभर लांब सरकली. ते सरकणं सवयीचं होतं.

बहिणीनं मामांच्या हातातून अडकित्ता घेतला, ताटात ठेवला आणि ते ताट उचलून आत नेलं.

ते लोक गेल्यावर मामा ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. त्यांचा संताप माझ्यावरच होता. ‘जमलेलं मोडलं! कुणी मारली भांजी? तूच गेलती ना नांदेडला? कुणाला भेटलीस?’

मी काही बोलणार तेवढ्यात बहीण ओले हात पुसत बाहेर आली.

‘अक्काला कशाला बोलता, मामा,’ ती म्हणाली. ‘त्याच्या आईनंच मारली की, तुमच्यासमोर.’