चापाभोवतीची कडी

आमचा हेल्मर घरात शिरताना चष्मासुद्धा पडवीतल्या खुंटीला अडकवायचा. गार वस्तू उबेत आली की तिला घाम फुटतो, आणि तो घाम पुन्हा बाहेर गेला की गोठतो, हे त्याचं ब्रह्मवाक्य. मी त्याची थोरली बहीण. एकदा म्हटलं, "मग तूही बाहेरच झोप ना!" हसला नाही. त्याला काळजी करण्यातून सवड मिळेल तेव्हा ना.

त्याच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. तरुणपणी लष्करात असताना जुन्या बंदुकीच्या चापाभोवतीच्या कडीत जाडा हातमोजा मावेना. मोजा काढून नेम धरला आणि हिमानं बोट खाल्लं. पुढे तो बोडन गावच्या लष्करी कार्यशाळेत लागला. परदेशी बनावटीची नवी बंदूक आपल्या थंडीला जुळवायचं काम निघालं, तेव्हा त्यानं साहेबांचं डोकं खाल्लं: कडी मोठी करा, मोज्यासकट बोट जाऊ द्या. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "कर. पण चाचणीत एक जरी बंदूक अडकली, तरी जुनीच कडी राहील."

चाचणीच्या तुकडीत नेमका त्याचा मुलगा तूरब्योर्न निघाला. आई नसलेलं एकुलतं पोर, आणि पारा शून्याखाली चाळीसवर. हेल्मरच्या तोंडचं पाणीच पळालं.

चाचणीला हेल्मरही सोबत गेला. पुढचं मला तूरब्योर्ननं सांगितलं. बंदुका नेहमीप्रमाणे तंबूबाहेर काठीला टांगलेल्या. हेल्मर सारखा बाहेर जाऊन कड्या चाचपत होता. संध्याकाळी तो पोराची बंदूक घेऊन थेट शेगडीपाशी आला.

"बाबा, अहो, आत काय आणताय?"

"गप रे. कडीत बर्फ गेलाय का तेवढं बघतो."

पुसली, निरखली, पुन्हा बाहेर टांगली. सकाळी तूरब्योर्ननं चाप ओढला. चाप दगडासारखा, जागचा हलेना.

"नडली तुझी कडी," साहेब म्हणाले.

हेल्मर पांढराफटक पडला. काय झालं ते त्याला कळलं होतं. बोलावं तर नाक कापलं जातं, गप्प बसावं तर पोरांची बोटं जातात. तेवढ्यात तूरब्योर्न म्हणाला, "साहेब, मीच ती आत नेली होती."

"खोटं बोलू नकोस," हेल्मर ओरडला. "साहेब, मी नेली."

"तू? बंदूक आत आणली की सगळ्यांना शिव्या घालणारा तू?"

"पोर कुडकुडत होतं. बंदूकही कुडकुडेल असं वाटलं असेल. अक्कल गहाण पडली."

बंदूक सुकवली, पुन्हा गार केली. दुसऱ्या दिवशी ती मोज्यासकट धडाधड चालली आणि कडी मंजूर झाली. हेल्मरला मात्र पुन्हा कधी चाचणीला नेलं नाही. कार्यशाळेतली माणसं विचारायची, "हेल्मर, बंदुकीला स्वेटर विणलास का?" तो मान खाली घालून कानस चालवायचा. मला फार वाईट वाटायचं.

बर्फ वितळायला लागल्यावर तूरब्योर्न लष्करातली मुदत संपवून घरी आला. हेल्मर त्याला आणायला बसथांब्यावर गेला होता. मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकून वाट बघत होते. दोघं आत आले आणि बघते तर काय, हेल्मर चष्म्यासकट आत! काचा धुक्यानं पांढऱ्या. त्यानं त्या पुसल्याही नाहीत. पोराचे हातमोजे ओढून काढले आणि आपल्या अर्ध्या बोटानं त्याचं एकेक बोट टोकापर्यंत चाचपू लागला.

"बाबा, कॉफी गार होतेय."

"होऊ दे," हेल्मर म्हणाला, आणि त्यानं पोराचा दुसरा हात हातात घेतला.